बॉम्बे बॉक्सचं गाव कोणतं?

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या लिलावांत 'बॉम्बे बॉक्स' नावाची शिवणपेटी वारंवार दिसते. लाकडावर चंदन किंवा हस्तिदंत मढवलेलं, कडांना हिरव्या-पांढऱ्या-काळ्या बारीक चांदण्यांची नक्षी. आत खणाखणांतून रिळं, सुयांची नळी, टाचण्या खोचायची गादी, मोजपट्टी, अंगुस्तान. खाली एक ओळ : 'अँग्लो-इंडियन, एकोणिसावं शतक'.

एवढ्या वस्तूंना मिळून एकच तारीख कशी पुरेल? मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखाद्या जुन्या प्रणालीचं वय विचारलं तर 'कुठल्या भागाचं?' असं उलट विचारावं लागतं. शिवणपेटीलाही तेच विचारायचं. प्रत्येक वस्तू कधीच्या आधीची असू शकत नाही, आणि कधीच्या नंतरची?

मोजपट्टीपासून सुरुवात करू. जुन्या फितीवर कधीकधी इंचांऐवजी 'नेल'च्या खुणा असतात. नेल म्हणजे वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. कापड मोजायचं हे माप पुढे वापरातून गेलं, त्यामुळे शाईनं हाती आखलेली अशी फीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवते. खणांची रचनाही बोलते. लडीतला रेशमी दोरा चपट्या फिरक्यांवर गुंडाळून ठेवत. पेटीत रिळांसाठी उभ्या काड्या असतील, तर ती रिळावरचा सुती दोरा रुळल्यानंतरची.

चांदीच्या अंगुस्तानावर नांगराचा छाप असेल तर त्याची पारख बर्मिंगहॅमच्या कचेरीत झालेली. ती १७७३मध्ये सुरू झाली. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. छाप नसला म्हणून अंगुस्तान खोटं ठरत नाही, कारण हलक्या अंगुस्तानांना दीर्घकाळ छापातून सूट होती. आणि 'डॉर्कस' हा शब्द दिसला तर ते १८८४च्या पेटंटनंतरचं : हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरनं चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घालून केलेलं.

१८४०च्या सुमाराच्या पेटीत डॉर्कस सापडलं की लिलावाच्या भाषेत संच 'मूळ' राहत नाही आणि किंमत उतरते. मला ते उलट वाटतं. सुईच्या टोकानं नुसत्या चांदीला भोकं पडत. पोलाद घालण्याचं कारणच ते. म्हणजे ही पेटी शोभेला नव्हती. चार-पाच दशकांनंतरही कुणीतरी तिच्यातून सुई काढून शिवत होतं. बदललेली वस्तू हा पेटीच्या वापराचा पुरावा आहे.

आता खुद्द पेटी. ती नक्षी म्हणजे सादेली. कथील, हस्तिदंत, आबनूस आणि हिरवं रंगवलेलं हस्तिदंत यांच्या बारीक काड्या चिकटवून जुडी करायची आणि आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापात तीच चांदणी उमटते. जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८०च्या 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया'त या कलेचा माग शिराझपर्यंत नेला आहे. तिथून सिंध, मग सुरत, मग मुंबई. म्हणजे 'बॉम्बे' हे पेटी ज्या बाजारातून, ज्या बंदरातून परदेशी गेली त्याचं नाव. तिचं मूळ गाव त्यावरून कळत नाही.

इथे पुरावा संपतो, आणि का संपतो ते बघण्यासारखं आहे. काही ग्रॅमच्या अंगुस्तानाला कारखानदाराची आद्याक्षरं, शहर, वर्ष, सगळं मिळालं, कारण चांदीवर सरकारची नजर होती. पेटी घडवणाऱ्याची नोंद करायला कुणालाच कारण नव्हतं. म्हणून बोटाएवढ्या वस्तूचं साल सांगता येतं आणि अख्ख्या पेटीसाठी 'एकोणिसावं शतक' यावर भागवावं लागतं.

तरी एक खूण उरली आहे. सादेलीचं काम करणाऱ्या सुरतेच्या पारशी घराण्याचं आडनाव आहे पेटीगरा, म्हणजे पेट्या करणारे. पेटीवर सही नाही, पण पेटीनं माणसाला नाव दिलं. लिलावाच्या त्या ओळीत निदान 'सुरत' एवढा एक शब्द वाढवायला हरकत नसावी.