बिनियामचे चाहते : इरिट्रिया, सायकल आणि परक्या देशातला रस्ता

मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं की इतिहासाच्या व्याख्यानमालेत सायकलच्या शर्यतीचं काय काम? आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. शर्यतीबद्दल बोलणार आहेच, पण खरं बोलायचं आहे ते शर्यत बघायला रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल.

तारीख १ जुलै २०२४. टूर द फ्रान्सचा तिसरा टप्पा. त्या वर्षी टूर इटलीतून सुरू झाली होती, आणि हा टप्पा पिआचेन्झा ते तोरीनो असा २३० किलोमीटरचा होता. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये काही जण पडले, घोळका विस्कटला, आणि त्या गोंधळातून उजव्या कडेने एक सायकलपटू पुढे निघून पहिला आला. त्याचं नाव बिनियाम गिरमाय. वय २४, गाव अस्मारा, देश इरिट्रिया. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. त्यात टप्पा जिंकणारा हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. (दक्षिण आफ्रिकेच्या रॉबर्ट हंटरने २००७ साली टप्पा जिंकला होता, पण तो गोरा. हा फरक का करायचा ते पुढे येईल.)

त्या तीन आठवड्यांत टीव्हीवर टूर बघणाऱ्यांनी एक झेंडा पुन्हा पुन्हा पाहिला असेल. वर हिरवा, खाली निळा, मधे लाल त्रिकोण, आणि त्रिकोणात पिवळ्या ऑलिव्हच्या डहाळ्या. इटलीत, मग फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत, पार नीसपर्यंत. आता प्रश्न असा की एवढे झेंडे आले कुठून? इरिट्रियाहून विमानाने शर्यत बघायला येणं हा प्रकार जवळजवळ अशक्य. तिथून बाहेर पडायलाच परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. म्हणजे ही माणसं युरोपातच राहणारी होती. स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, इटली इथे राहणारी. ती तिथे कशी पोहोचली हा आजचा खरा विषय आहे.

थोडं मागे जाऊ. १८९० साली इटलीने तांबड्या समुद्राच्या काठची ही वसाहत जाहीर केली. 'इरिट्रिया' हे नावसुद्धा त्यांचंच, तांबड्या समुद्राच्या जुन्या नावावरून घेतलेलं. अस्मारा हे शहर समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून उंच. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे अंदाज करा. खाली मस्सावा बंदर, आणि बंदरापासून अस्मारापर्यंत साधारण ११५ किलोमीटरचा वळणावळणाचा घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सायकल चढवणारे कोणी इथे बसले असतील, त्यांनी तो घाट मनातल्या मनात लांबवून बघावा. सायकलपटू तयार होण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण नुसत्या भूगोलाने सायकलपटू तयार होत नाहीत, नाहीतर आपल्या सह्याद्रीने शेकड्यांनी दिले असते.

सायकल इटालियनांनी आणली. तिसाच्या दशकात मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली आणि त्यासाठी अस्मारा फुगवलं. शहरात एक वेळ अशी आली की निम्म्याहून जास्त वस्ती इटालियन होती. कॅफे, चित्रपटगृहं, विमानाच्या आकाराचा पेट्रोल पंप, सगळं उभं राहिलं. ते शहर आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि त्याच काळात वंशभेदाचे कायदे आले. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी. सायकलची शर्यत गोऱ्यांची. काळ्या माणसाने रस्ता बांधायचा आणि कडेला उभं राहून बघायचं.

१९३९ साली एक गोष्ट घडली, ती अस्मारात अजून सांगितली जाते. इटालियन आणि स्थानिक यांची एकत्र शर्यत ठेवली गेली. हेतू बहुधा हाच की श्रेष्ठ कोण ते एकदा जगाला दिसावं. जिंकला गेब्रेमरियम गेब्रू, स्थानिक. आपल्याकडे १९११ साली मोहन बागानने अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला फुटबॉलमध्ये हरवलं, त्या जातीची ही गोष्ट. वसाहतीतला खेळ हा असाच असतो. तो शिकवला जातो एका कारणासाठी आणि उचलला जातो दुसऱ्याच.

दोनच वर्षांनी, १९४१ साली, इटालियनांची सत्ता संपली, आणि इथे आपला एक धागा आहे. इरिट्रियातली निर्णायक लढाई केरेनच्या डोंगरात झाली. तिथे ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्यांत भारतीय फौज मोठी होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. पलटणीच्या युद्धसन्मानांत 'केरेन' आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत हे नाव एकेकाळी माहीत असणार, आज आपण विसरलो. केरेन पडलं २७ मार्च १९४१ रोजी. ही तारीख जरा लक्षात ठेवा.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगतो. दहा-अकरा वर्षं ब्रिटिशांचा कारभार. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने इथिओपियाशी संघराज्य. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये इरिट्रियाचे सायकलपटू गेले, पण इथिओपियाच्या नावाने. १९६२ मध्ये हैले सेलासीने संघराज्य गुंडाळून सगळा प्रदेशच गिळला. त्याच्या आधीच, १९६१ मध्ये, सशस्त्र लढा सुरू झाला होता. तो तीस वर्षं चालला.

या तीस वर्षांत पहिली लाट बाहेर पडली. सुदानमध्ये, तिथून इटली, जर्मनी, स्वीडन, अमेरिका. आणि या लोकांनी एक पद्धत घातली. १९७४ पासून दर उन्हाळ्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात जमायचं. सगळ्या युरोपातून माणसं यायची. गाणी, नाच, जेवण, भाषणं, आणि लढ्यासाठी पैसे गोळा करणं. कारखान्यात, हॉटेलात, लोकांच्या घरी धुण्याभांड्याचं काम करून वाचवलेला पैसा. देश अजून नकाशावर नव्हता, पण त्याचे नागरिक वर्षातून एकदा बोलोन्यात भेटत होते. मला वाटतं, २०२४ च्या टूरमध्ये जे आपण पाहिलं त्याची तालीम तिथे झाली. उन्हाळ्याची सुट्टी, झेंडा, गाडीत भरलेली माणसं आणि डबे, आणि परक्या देशात जाऊन 'आम्ही आहोत' हे सांगणं.

१९९१ मध्ये लढा जिंकला. १९९३ च्या सार्वमतात ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. परदेशात राहणाऱ्यांनीही दिलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. १९९८ ते २००० इथिओपियाशी पुन्हा युद्ध. सप्टेंबर २००१ मध्ये सरकारवर टीका करणारे मंत्री आणि पत्रकार तुरुंगात गेले, खासगी वर्तमानपत्रं बंद झाली. राष्ट्रीय सेवा म्हणजे सक्तीची लष्करी चाकरी, ती कागदावर दीड वर्षाची, पण तिला शेवटच राहिला नाही. १९९३ पासून राष्ट्राध्यक्ष एकच, राष्ट्रीय निवडणूक एकही नाही. मग दुसरी लाट निघाली. ही पहिलीपेक्षा तरुण होती, आणि स्वतःच्याच सरकारपासून पळत होती. सुदान, सहारा, लिबिया, आणि मग समुद्र. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुसा बेटाजवळ एक बोट बुडाली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. त्यांतली बहुतेक इरिट्रियाची होती.

आणि गंमत बघा, गंमत म्हणणं बरोबर नाही, पण योगायोग बघा. २००१ या त्याच वर्षी, स्वातंत्र्याला दहा वर्षं झाल्याच्या निमित्ताने, 'जिरो द'इरिट्रिया' ही १९४६ साली झालेली आणि नंतर बंद पडलेली शर्यत पुन्हा सुरू झाली. एका हाताने दारं लावली जात होती आणि दुसऱ्या हाताने सायकलींना रस्ता मोकळा केला जात होता. त्या रस्त्यावरून पुढची पिढी आली. २०१५ मध्ये डॅनियल तेक्लेहाइमानोत आणि मेरहावी कुडूस हे टूर द फ्रान्समध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरले. ९ जुलै २०१५ ला डॅनियलच्या अंगावर डोंगरांच्या राजाची लाल ठिपक्यांची जर्सी आली. लाम्पेदुसाला दोन वर्षंही झाली नव्हती. युरोपच्या बातम्यांत 'इरिट्रिया' हा शब्द तोवर फक्त बोटींबरोबर यायचा. त्या दिवशी तो खेळाच्या पानावर आला. निर्वासित छावणीत, किंवा कुठल्या तरी कचेरीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला याचा अर्थ काय वाटला असेल, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

आता बिनियाम. जन्म २ एप्रिल २०००. आधी नावाची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला चटकन कळेल. 'गिरमाय' हे त्याचं आडनाव नाही. ते वडिलांचं नाव. पूर्ण नाव बिनियाम गिरमाय हाइलू, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. बेल्जियमचा समालोचक 'गिरमाय, गिरमाय' ओरडतो तेव्हा तो वडिलांना हाक मारत असतो. सचिन तेंडुलकर षटकार मारतोय आणि कोणीतरी 'रमेश! रमेश!' ओरडावं तसं. रस्त्याकडेची त्याची माणसं ओरडतात 'बिनी!' त्या हाकेवरून घरचा कोण, बाहेरचा कोण हे कळतं.

२०२१ मध्ये त्याने २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये गेंट–वेवेलगेम ही दगडी रस्त्यांवरची जुनी शर्यत जिंकली. खरं तर ती शर्यत त्याच्या कार्यक्रमात नव्हती. त्याला अस्माराला बायको आणि लहान मुलीकडे परतायचं होतं. जिंकला आणि गेलाच घरी, आठवड्यावर आलेली फ्लँडर्सची मोठी शर्यत सोडून! बेल्जियमच्या लोकांना हे पटेना. मला तो निर्णय फार आवडतो. तर ही गेंट–वेवेलगेम झाली २७ मार्च २०२२ रोजी. हो, केरेनची तारीख. यात अर्थ काही नाही, पण इतिहासाच्या माणसाला अशी तारीख सापडली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच मे महिन्यात इटलीत, जिरोमध्ये, येसी गावात त्याने माथ्यू व्हान देर पूलला हरवून टप्पा जिंकला. जुन्या मालकांच्या घरी जाऊन. आणि मग मंचावर बाटली उघडताना बूच उडून डाव्या डोळ्यावर बसलं, शर्यत सोडावी लागली. २०२३ वाईट गेलं. फ्लँडर्समध्ये पडला, पहिल्या टूरमध्ये एकही टप्पा हाती लागला नाही. झेंडे मात्र तेव्हाही होते. मग २०२४ : तोरीनो, पाच दिवसांनी कोलोंबे, आणि ११ जुलैला विलनव्ह. तीन टप्पे.

परदेशी चाहत्यांचा इतिहास टूरमध्ये नवा नाही. १९५० मध्ये पिरेनीजमध्ये बार्तालीला प्रेक्षकांनी धक्काबुक्की केली आणि इटालियन संघच घरी गेला, त्यांचाच माणूस पिवळ्या जर्सीत असताना. १९८४ मध्ये लुचो हेरेराने आल्प द्युएझचा टप्पा जिंकला तेव्हा सारं कोलंबिया रेडिओला कान लावून बसलं होतं. पण कोलंबियाचा चाहता आपल्या घरात होता. इरिट्रियाचा चाहता घराबाहेर आहे, हा मोठा फरक.

आणि सायकलच का, फुटबॉल का नाही, याचं एक साधं कारण मला दिसतं. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसतं. स्टेडियमला दार असतं, दारात माणूस असतो. इथे रस्ता सार्वजनिक. कागद झाले असोत-नसोत, खिशात पैसे असोत-नसोत, कडेला उभं राहता येतं. मोबदला मात्र तुटपुंजा! घोळका साठच्या वेगाने जातो, आपला माणूस दोन सेकंद दिसतो, तोही इतरांच्या खांद्यांमधून. म्हणून हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात फोन, कारण खरी शर्यत फोनवरच कळते.

आता अवघड भाग. हा झेंडा कोणाचा? २०२३ मध्ये जर्मनीत गीसनला, स्टॉकहोमला, तेल अवीवला इरिट्रियाच्या सरकारधार्जिण्या महोत्सवांत त्याच समाजाच्या विरोधकांशी हाणामाऱ्या झाल्या. बोलोन्याची ती जुनी परंपरा अशा वळणावर आली. विरोधकांच्या हातात वेगळा झेंडा असतो, १९५२ चा, आकाशी रंगाचा, मधे हिरव्या ऑलिव्हचा. काही जण म्हणतात, बिनियामसाठी राष्ट्रीय झेंडा फडकवणं म्हणजे सरकारला फुकटची जाहिरात. अस्मारात त्याची मिरवणूक निघते, सरकारी टीव्ही दाखवतो, हे खरंच आहे. मला तरी ही टीका अर्धीच पटते. ज्याने त्या सरकारपासून पळून सहारा ओलांडला, तोच माणूस त्याच देशाचा झेंडा घेऊन घाटात उभा राहू शकतो. देश आणि सरकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची जागा त्याला बाकी कुठेच मिळत नाही. बिनियाम स्वतः राजकारणावर बोलत नाही. त्याचं घर अस्मारात आहे. त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा आपण इथे पंख्याखाली बसून करू नये.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. सोळाव्या टप्प्यात नीम शहराजवळ तो पडला. हिरवी जर्सी, म्हणजे गुणांची जर्सी, अंगावर होती आणि हातापायाला खरचटलेलं. पुढे आल्प्स. पण टिकला. २१ जुलैला शेवटचा टप्पा होता. पॅरिसमध्ये ऑलिंपिक असल्यामुळे टूर पहिल्यांदाच पॅरिसबाहेर संपत होती : मोनाको ते नीस, ३३.७ किलोमीटर, आणि तीही घड्याळाविरुद्धची शर्यत. तिच्यात घोळका नसतो. एकेक सायकलपटू एकटा सुटतो. सुरुवातीलाच ला त्युर्बीचा चढ. बिनियामला त्या दिवशी जिंकायचं नव्हतं, फक्त नीसला पोहोचायचं होतं. तीन आठवडे दोन-दोन सेकंद बघितलेला माणूस त्या चढावर हिरव्या कपड्यांत एकटा येत होता. पुढेमागे कोणी नाही. आणि चढ असल्यामुळे, हळू.

प्रश्न असतील तर घेऊ.