बंब किती वाजता आला? अग्निशमन दलाची कामगिरी मोजायची तरी कशी

१/ १८ मे २०२५, रविवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. राहते घर आणि कारखाना एकाच आवारात. मालक, त्यांच्या कुटुंबातील एक तान्हे मूल आणि कामगार मिळून आठ जण दगावले. आग आटोक्यात आणण्यास कित्येक तास लागले.

२/ अशा प्रत्येक आगीनंतर शहर एकच प्रश्न विचारते : बंब किती वाजता आला? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. कापूस, सूत आणि कापड यांच्याशी निगडित तीन जुन्या आगी पाहिल्या की तो अपुरा का, हे उमगते.

३/ पहिली, लंडन, २२ जून १८६१. टूली स्ट्रीटवरील गोदामांत कापूस, ताग, अंबाडी खच्चून भरलेली. त्या काळी लंडनचे अग्निशमन दल विमा कंपन्यांच्या पैशावर चाले. त्याचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड हा त्या युगातील सर्वांत जाणता अग्निशामक. भिंत कोसळून तो जागीच ठार झाला.

४/ आग पसरू नये म्हणून गोदामांच्या दालनांना लोखंडी दारे होती. त्या दिवशी ती उघडीच राहिली होती. अशी आग विझवणे एकट्या कंपन्यांच्या आवाक्यातले नाही, हे सर्वांना कळून चुकले. १८६५च्या कायद्याने लंडनची अग्निशमन सेवा सार्वजनिक झाली.

५/ दुसरी, न्यूयॉर्क, २५ मार्च १९११. ट्रायँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात १४६ कामगार मृत्युमुखी पडले. बहुतेक तरुण मुली. बंब काही मिनिटांतच पोहोचले होते. परंतु कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यांवर, शिडी जेमतेम सहाव्यापर्यंत, आणि नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद.

६/ केवळ मिनिटे मोजली तर त्या दिवशी न्यूयॉर्कचे दल उत्तम गुणांनी उत्तीर्ण ठरते! दलाचा प्रमुख एडवर्ड क्रोकर मात्र अशा इमारतींविषयी आधीपासून इशारे देत होता. दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच त्याने पद सोडले आणि आग लागूच नये यासाठीच्या कामाला वाहून घेतले.

७/ तिसरी, आपली मुंबई, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या हजारो गाठी. दुपारी आग दिसली, चारनंतर स्फोट झाला. ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

८/ तिन्ही ठिकाणी जवान वेळेवर होते, शूरही होते. हरली ती त्यांच्या येण्यापूर्वीची व्यवस्था : उघडे दार, बंद दार, एकाच जहाजात भरलेला कापूस आणि दारूगोळा. म्हणून जवानाचे शौर्य आणि व्यवस्थेची कामगिरी यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडला पाहिजे. एकाच्या गौरवाने दुसऱ्याचे अपयश झाकले जाऊ नये.

९/ आता सोलापूर. १ मे १९६४ रोजी येथे महानगरपालिका आली. १९४९च्या महानगरपालिका कायद्यानुसार आग विझवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. सवडीने करावयाचे काम नव्हे.

१०/ साधनांचा हिशेब कसा करावा? केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना निकष असा : ३ लाख लोकसंख्येपर्यंत दर ५० हजारांमागे एक पंप, पुढे दर लाखामागे एक. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख. म्हणजे ६ अधिक ६ ते ७, एकूण बारा-तेरा पंप, राखीव वेगळे. चालू स्थितीतील पंप मोजा आणि या आकड्याशी ताडून पाहा.

११/ पाण्याचा प्रश्न याहून बिकट. उजनीवर अवलंबून असलेल्या या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. बंबाची टाकी काही मिनिटांत रिकामी होते. ती भरायची कोठे, हे आगीच्या रात्री ठरवून चालत नाही. पाणीपुरवठा विभागाचे अपयशही अशा वेळी अग्निशमन दलाच्याच नावावर जमा होते.

१२/ सर्वांत महत्त्वाची वही कागदाची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८पासून लागू आहे. कायद्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. तपासणीचे, नोटीस बजावण्याचे आणि धोका गंभीर असल्यास इमारत मोकळी करून सील करण्याचेही अधिकार या कायद्याने दिले आहेत.

१३/ तेव्हा खरे प्रश्न हे : किती प्रमाणपत्रे आली? न देणाऱ्या किती जणांना नोटिसा गेल्या? त्यांतील किती तडीस गेल्या? यंत्रमागाच्या शेजारी, सुताच्या गाठींच्या आसपास निजणाऱ्या कुटुंबांची नोंद कोणाकडे आहे? २००५चा माहिती अधिकार कायदा हे विचारण्याची मुभा प्रत्येक नागरिकाला देतो.

१४/ चादर आणि टॉवेल ही सोलापूरची ओळख. ते विणणारे हात पहाटे सुखरूप जागे व्हावेत, यासाठीची कामगिरी बंबाची घंटा वाजण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या कोरड्या जुलै महिन्यातील तपासणीतच घडते किंवा राहून जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती नोंदवही आधी मागावी. तुमच्या शहराची कधी पाहिली आहे का?