केसांना लागणारा वेळ

हेअर ड्रायरच्या पेटीवर वॅट छापलेले असतात. अमेरिकेत बहुतेक पेट्यांवर 1875 हा आकडा दिसतो आणि गिऱ्हाईक तेवढं बघून पेटी उचलतं. वॅट जास्त म्हणजे केस लवकर वाळणार, असा साधा हिशेब. मी न्यू जर्सीत केस करायचा धंदा करते. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका आफ्रिकन-अमेरिकन, हैतीच्या किंवा डॉमिनिकन घरांतल्या आहेत. दाट, बारीक वेटोळ्यांचे केस. त्यांच्यापुढे वॅटचा आकडा फारसा कामाचा नाही. असा केस वाळता वाळता आखडतो, शेजारच्या केसात अडकतो, आणि ओढलात तर नेमका वळणावर तुटतो. त्याला वेळ द्यावा लागतो.

मी सांगलीची. अमेरिकेत येऊन लायसन्स काढलं, पण खरं काम शिकले ते साउथ कॅरोलायनाहून आलेल्या एका वयस्कर बाईंच्या हाताखाली. त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि नंतर स्वतः वाचलेलं एकत्र ठेवलं की या केसांच्या इतिहासात मला एकच भांडण पुन्हा पुन्हा दिसतं: बाईच्या केसांना लागणारा वेळ कोणाच्या मालकीचा?

सुरुवात दोऱ्यापासून करावी लागते. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः योरुबा लोकांत, केसांची बट मुळापासून टोकापर्यंत दोऱ्याने गुंडाळून ताणून ठेवायची रीत जुनी आहे. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी 1968 पासून तिथल्या केशरचनांचे फोटो काढले. त्यांत दोरा गुंडाळलेल्या बटांचे मनोरेच्या मनोरे बघायला मिळतात. यामागचं शास्त्र सोपं आहे. केस भिजला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. ड्रायर जे मिनिटांत करतो तेच दोरा रात्रभरात करतो. फरक इतकाच की दोऱ्याने केस भाजत नाही.

गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या बायकांकडे फण्या उरल्या नाहीत, तेलं उरली नाहीत, आणि शेतावर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबताना वेळ तर मुळीच उरला नाही. रविवार तेवढा काहीसा आपला. 1930 च्या दशकात सरकारी प्रकल्पात जुन्या गुलामांच्या मुलाखती टिपून ठेवल्या गेल्या. त्यांत केस दोऱ्यांनी किंवा चिंध्यांनी गुंडाळून आठवडाभर फडक्याखाली ठेवायचे आणि रविवारी चर्चला जाताना सोडायचे, अशा आठवणी येतात. सहा दिवस मालकाचे, सातव्या दिवशी केस मोकळे. कमी इजा करून केस लांबवायची ही पद्धत कुठल्याही कंपनीने शोधलेली नव्हती.

पुढचा मुक्काम सेंट लुईस. सारा ब्रीडलव्ह 1867 साली लुइझियानातल्या डेल्टा गावी जन्मली. घरातलं स्वातंत्र्यात जन्मलेलं पहिलं मूल. लहानपणीच पोरकी झाली, सेंट लुईसला धुणं धुऊन पोट भरू लागली. केस गळायला लागले. त्या काळी घरात नळ नाही, डोक्यावरून न्हाणं क्वचित, टाळूचे आजार फार. तिथेच ॲनी मलोन यांचा केसांच्या मलमाचा व्यवसाय उभा राहत होता. साराने आधी त्यांचाच माल विकला. मलोन यांनी 1906 साली 'पोरो' हे नाव नोंदवलं आणि 1918 साली सेंट लुईसमध्ये पोरो कॉलेज उभारलं. सारा 1905 साली डेन्व्हरला गेली, पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकरशी लग्न केलं आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचा धंदा थाटला. 1910 पासून कारखाना इंडियानापोलिसला.

गरम कंगवा मॅडम वॉकर यांनी शोधला, असं आजही माझी गिऱ्हाइकं छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. तापवायच्या कंगव्यांचा वापर त्यांच्या आधीपासून होता, आणि 'केस सरळ करणारी बाई' ही ओळख त्यांना स्वतःला आवडत नसे. त्यांचा भर टाळूवर आणि वारंवार न्हाण्यावर होता. पण त्यांच्या आणि मलोन यांच्या हाताखाली शिकून हजारो बायका दारोदार केस करायला लागल्या. धुण्याच्या टबातून सुटून स्वतःच्या वेळेचे पैसे घेणं, हा त्यातला मोठा भाग होता.

गरम कंगव्याचं काम मी आमच्या बाईंकडे पाहिलं. पितळी कंगवा, लाकडी मूठ, गॅसची शेगडी. केस आधी धुऊन पूर्ण कोरडे केलेले, कारण जरा ओल राहिली तर चर्र आवाज येतो आणि त्या आवाजासरशी केस गेला. बटेला बोटभर तेल. कंगवा शेगडीवरून उचलला की आधी पांढऱ्या कागदावर टेकवायचा. कागद तपकिरी पडला तर कंगवा हवेत धरून थांबायचं, पुन्हा टेकवायचा. कागद पांढरा राहिला की मगच डोक्याजवळ. मग गिऱ्हाइकाला स्वतःचा कान दुमडून धरायला लावायचं. मानेवरचे बारीक केस शेवटी, कारण तिथे हात सर्वांत हळू चालवावा लागतो. थर्मोस्टॅट नसताना कागदावर तापमान ओळखणारी ही विद्या होती. ज्यांनी कागदाची पायरी गाळली त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कानांवर ते लिहिलेलं असे. एवढं करून पाऊस आला की केस पुन्हा मूळ पदावर.

यंत्रं दुसऱ्या वाटेने आली, दुसऱ्यांसाठी. फ्रेंच केशकर्तक अलेक्झांद्र गोदफ्र्वा यांनी 1880 च्या दशकाच्या शेवटी शेगडीच्या धुरांड्याला जोडलेली टोपी केली. बाईने तिच्याखाली बसायचं. आपल्याकडे न्हाल्यावर धुपाच्या टोपलीवर केस पसरून वाळवायचे, त्याचाच हा विलायती भाऊ. गेब्रिएल कझांजियन यांनी 1911 साली ड्रायरचं पेटंट घेतलं. 1920 च्या सुमारास बाजारात आलेले हातात धरायचे ड्रायर जवळजवळ किलोभर वजनाचे आणि जेमतेम 100 वॅटचे. केस वाळेपर्यंत हात भरून यायचा, आणि शॉक बसायची भीती वेगळी.

याच काळात कृष्णवर्णीय बायका आपल्या हातांना काय हवं ते बनवत होत्या. न्यू यॉर्कच्या लायडा न्यूमन यांनी 1898 साली ब्रशचं पेटंट घेतलं: दात्यांच्या ओळींमध्ये हवा खेळायला फटी, आणि धुवायला सुटा होणारा भाग. शिकागोच्या मार्जोरी जॉयनर यांनी 1928 साली केसांना लाटा टिकवून ठेवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते टांगलेल्या दांड्यांचं यंत्र कुरळे केस सरळ करायलाही चाले. त्या वॉकर कंपनीत नोकरीला होत्या, त्यामुळे पेटंटचा फायदा कंपनीला गेला.

डोक्यावरचे मोठे ड्रायर दुकानांत आले तेव्हा वाळायला लागणारा वेळ पहिल्यांदा बायकांना बसून, एकत्र मिळाला. शनिवारी ओळीने बसायचं, मोठ्याने बोलायचं. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या बर्नीस रॉबिन्सन यांनी त्याचा उपयोग केला. त्यांचं दुकान, गिऱ्हाइकं सगळी कृष्णवर्णीय. म्हणजे नोकरीवरून काढून टाकायची धमकी देणारा गोरा मालक नाही. दुकानात मतदार नोंदणीचं काम चाले. 1957 च्या जानेवारीत जॉन्स आयलंडवर पहिली 'सिटिझनशिप स्कूल' सुरू झाली, तेव्हा शिक्षिका म्हणून याच केस करणाऱ्या बाई निवडल्या गेल्या. मतदानासाठी वाचायला यायलाच हवं अशी अट होती. मोठ्या माणसांना त्यांनी तेवढं वाचायला शिकवलं. आमच्या बाईंना हा किस्सा सांगताना विशेष उकळी फुटे. त्यांच्या मते इतकी वर्षं गिऱ्हाइकांना शांत बसवायची सवय असलेलीलाच ते जमलं असतं.

साठच्या दशकात केस सरळ करायचंच नाकारणारी पिढी आली. अफ्रो. ड्रायर मात्र सुटला नाही, त्याचं काम बदललं. प्लास्टिकचे हलके, जास्त वॅटचे ड्रायर सत्तरच्या दशकात घरोघर पोचले. झोताने केस ताणून अफ्रो मोठा, गोल, भरघोस करायचा, याला 'ब्लोआउट' म्हणू लागले. सॅन डिएगोचे न्हावी विली मॉरो यांनी लांब दात्यांच्या फण्या बनवून विकल्या आणि अमेरिकी लष्कराच्या तळांवरच्या न्हाव्यांना हे केस कसे हाताळायचे ते शिकवलं. 1973 साली त्यांनी या केसांच्या इतिहासावर पुस्तकही लिहिलं. पण टीव्हीच्या पडद्यावर अफ्रो खपेना. 1971 साली न्यू यॉर्कच्या बातमीदार मेल्बा टॉलिव्हर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मुलीच्या लग्नाच्या बातमीला अफ्रोत गेल्या, तर वाहिनीने त्यांना केस बदलायला सांगितलं. त्यांनी बदलले नाहीत, आणि प्रेक्षकांच्या पत्रांनी वाहिनीला माघार घ्यावी लागली.

न्यू यॉर्कमध्ये पुढे डॉमिनिकन दुकानं आली. ट्रुहियोच्या हुकूमशाहीनंतर, 1961 पासून, डॉमिनिकन लोक मोठ्या संख्येने येऊ लागले आणि वॉशिंग्टन हाइट्स भागात त्यांच्या केसांच्या दुकानांची दाटी झाली. ओल्या केसांवर मोठे रोलर, डोक्यावरचा ड्रायर, आणि शेवटी गोल ब्रशने ओढत हातातल्या ड्रायरचा कडक झोत. किंमत कमी, हात तयार, गिऱ्हाईक लवकर बाहेर. रोलरची पायरी सौम्यच आहे; ओल्या केसाला ताणून वाळवायचं, म्हणजे दोऱ्याचीच पुढची आवृत्ती. केस भाजतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, ब्रश मुळाशी पीळ देऊन झोत तिथेच धरला की. सोमवारी ऑफिसला सरळ केसांनी जायचं असलेल्या बाईला ही घाई परवडते म्हणण्यापेक्षा, तिला दुसरी रीत परवडत नाही.

घाईत केसाचं काय होतं तेही आता मोजलेलं आहे. 2011 साली 'ॲनल्स ऑफ डर्मॅटॉलॉजी'मध्ये कोरियन संशोधकांचा प्रयोग छापून आला. ड्रायर 15 सेंटिमीटरवर धरला की केसापाशी 47 अंश सेल्सियस आणि वाळायला 60 सेकंद. 10 सेंटिमीटरवर 61 अंश, 30 सेकंद. 5 सेंटिमीटरवर 95 अंश, 15 सेकंद. जवळच्या झोताने केसाच्या पृष्ठभागाची हानी वाढत गेली. गंमत म्हणजे आपोआप वाळू दिलेले केसही निर्दोष सुटले नाहीत: जास्त वेळ भिजत राहिल्याने त्यांच्या आतल्या थरात हानी दिसली. लांबून, हलता झोत सर्वांत बरा ठरला. चौपट वेळ, अर्धी उष्णता. फार तापलेल्या ओल्या केसात पाण्याची वाफ होऊन पोकळ्या पडतात, तो केस हाताला काडीसारखा लागतो आणि तिथेच मोडतो. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून माझ्या खुर्चीत काम असं चालतं. गुंता कंडिशनर लावून ओल्यातच सोडवायचा, आधी बोटांनी, मग रुंद दात्यांच्या फणीने, टोकापासून वर. जाड टॉवेलने चोळायचं नाही, सुती कापडाने टिपायचं. केस बरेचसे हवेवर वाळू द्यायचे. उष्णतेपासून वाचवणारं क्रीम प्रत्येक भागाला वेगळं. डोक्याचे लहान भाग करून बाकीचे क्लिपांत. मग एका भागाची टोकं मुठीत धरून ताण द्यायचा आणि मधल्या उष्णतेचा झोत मुळाकडून टोकाकडे फिरवत ठेवायचा, फणी न लावता. जवळपास वाळल्यावरच ड्रायरला फणीचं तोंड बसवायचं, तेही टोकांपासून. शेवटी थंड हवा. माझ्या तळहाताला जो झोत सोसत नाही तो केसावर जात नाही. फणीत गुंतवळ जास्त दिसलं की मी थांबते.

यातलं काहीही मला शाळेत शिकवलं नाही. माझ्या शाळेत सरावाच्या पुतळ्यांची सगळी डोकी सरळ केसांची होती. कायदा आता कुठे जागा होतोय. 2018 च्या डिसेंबरात न्यू जर्सीत कुस्तीच्या सामन्याआधी पंचाने एका कृष्णवर्णीय शाळकरी मुलाला दीड मिनिट दिलं: जटा काप, नाहीतर सामना सोड. भर व्यायामशाळेत त्या कापल्या गेल्या. बरोबर एका वर्षाने, 19 डिसेंबर 2019 ला, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा 'क्राउन' कायदा राज्यात झाला. कॅलिफोर्नियाने तो जुलैतच केला होता. 2023 साली न्यू यॉर्कने केशविद्येच्या शाळांना सगळ्या प्रकारच्या केसांचं शिक्षण सक्तीचं केलं. कागदावर कंगवा टेकवणाऱ्या बायकांना शंभर वर्षांपूर्वी जे येत होतं ते आता अभ्यासक्रमात आलं.

वेळेचं भांडण मात्र मिटलेलं नाही, ते माझ्या दरपत्रकावर येऊन बसलं आहे. बरीच दुकानं अशा केसांना जास्त पैसे लावतात. मीही तासावर भाव लावत होते आणि तो मला रास्त वाटायचा, पण त्याचा अर्थ एवढाच होता की ज्या केसांना वेळ लागतो त्या बाईने जन्मभर जास्त मोजायचं. आता धुणं आणि ब्लो ड्राय यांचा एकच भाव आहे, केस कसेही असोत. सरळ केसांच्या काही जणी सोडून गेल्या. अर्ध्या तासाच्या कामाचे एवढे पैसे का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. राहिलेल्यांवर दुकानाचं भाडं जेमतेम सुटतं. भाव बदललेला नाही.