पडद्यावरचा काळोख

थळच्या किनाऱ्यावर दिवेलागणीच्या वेळीं उभें राहिलें म्हणजे समोर पाण्यांत दोन बेटें दिसतात. अलीकडचें उंदेरी आणि पलीकडचें खांदेरी. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं खांदेरीवर तटबंदी घालावयास आरंभ केला व त्यावरून इंग्रजांशीं जो झगडा झाला, तो वाचकांस ठाऊकच आहे. १८६७ सालीं त्याच बेटावर दीपगृह उभारलें गेलें. आतां बेटाला व त्या दीपाला सरखेल कान्होजी आंग्रे यांचें नांव आहे. प्रकाश एका जागीं निर्माण करून तो दूर फेंकावयाचा, ही विद्या आमच्या किनाऱ्यानें प्रथम पाहिली ती अशी, उघड्या समुद्रावर व सर्वांसाठीं.

त्याच विद्येचें दुसरें रूप अलीकडे या किनाऱ्यावर आलें आहे. परंतु तें बाहेरून दिसत नाहीं. मांडवा, किहीम, थळ, नागांव या टापूंत मुंबईकरांनीं जे बंगले बांधले, त्यांपैकीं कित्येकांत चित्रपट पाहण्याची स्वतंत्र खोली असते. २०२० च्या मार्चांत मोटारी वाहून नेणारी बोट भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येऊं लागल्यापासून ही वस्ती अधिकच वाढली. आमच्या एका स्नेह्यांनींहि थळजवळ घर बांधलें व अशी खोली राखून ठेविली. तीन यंत्रांचीं माहितीपत्रकें आमच्यापुढें ठेवून त्यांनीं विचारलें, ‘यांतलें कोणतें घ्यावें?’ उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्यांना बराच वेळ इतिहास ऐकविला. तो त्यांनीं निमूटपणें सोसला, म्हणूनच तो येथें मांडण्याचें धैर्य आम्हांस होत आहे.

दिव्याच्या साहाय्यानें भिंतीवर चित्र पाडणें ही कल्पना यूरोपांत सतराव्या शतकांतली. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यानें १६५९ च्या सुमारास अशा कंदिलासाठीं चित्रें काढलेलीं आढळतात. आमच्याकडे ही विद्या आली तेव्हां तिनें मराठी वेष धारण केला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं जो खेळ लोकांपुढें आणला, त्याला त्यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें. शांबरिक शब्दामागें शंबरासुराची माया आहे. कांचेवर हातानें रंगविलेलीं पौराणिक चित्रें एकामागून एक पडद्यावर टाकून व त्यांत कौशल्यानें हालचालीचा भास उत्पन्न करून पटवर्धन पितापुत्र आख्यान उभें करीत. जोडीला निवेदन असे. मुंबईंत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला, त्याच्या चार वर्षें अगोदरची ही गोष्ट. वॉटसनमधील खेळाचें मोल एक रुपया होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो कोणासाठीं होता हें वेगळें सांगावयास नको.

त्या काळचें सगळें दुःख प्रकाशाचें होतें. तेलाचा दिवा मंद; चित्र मोठें करावें तर तें फिकें पडे. यावर जो उपाय निघाला तो कोंकणच्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे, कारण तो चुन्याचा आहे. ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या खड्यावर सोडली असतां तो खडा डोळे दिपविणाऱ्या पांढऱ्या तेजानें प्रकाशतो. थॉमस ड्रमंड नांवाच्या अभियंत्यानें १८२५ च्या सुमारास आयर्लंडच्या भूमापनांत दूरच्या खुणा दिसाव्या म्हणून त्याचा उपयोग केला आणि पुढें दीपगृहांसाठींहि तो सुचविला. दीपगृहांत तो टिकला नाहीं. रंगभूमीवर व जादूच्या कंदिलांत मात्र त्यानें राज्य केलें. दीपगृह आणि चित्रगृह हीं एकाच घराण्यांतलीं आहेत, असें आम्ही म्हणतों तें याचकरितां.

चुन्यामागून कार्बनच्या कांड्या आल्या. दोन कांड्यांच्या टोकांमध्यें विजेची कमान पेटवावयाची. कांड्या जळत जातात, म्हणून त्यांतलें अंतर सारखें जुळवीत राहावयाचें. काळ्या कांचेंतून त्या ज्वाळेकडे पाहत उभा असलेला यंत्रचालक हाच त्या खेळाचा खरा सूत्रधार होता. त्याचें लक्ष क्षणभर उडालें कीं पडद्यावरची नायिका पिवळी पडे आणि प्रेक्षक शिट्या फुंकीत. जत्रेंतल्या तंबूंत हीच यंत्रें मालमोटारींतून गांवोगांव हिंडत. वीज करणारें इंजिन दूर ठेवावयाचें, म्हणजे त्याची धडधड संवादांत मिसळूं नये; जमिनीवर बसावयाचें, आणि तंबूच्या कनातींना जें छिद्र असेल त्यांतून फुकट्यांनीं पाहावयाचें. या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नांवाचा एक उत्तम अनुबोधपट झाला व तो २०१६ सालीं कान महोत्सवांत दाखविला गेला.

घरगुती खेळाचा मान मात्र आम्ही दादासाहेब फाळके यांना देतों. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यांत लोकांपुढें आला; त्याच्या आधीं भांडवल मिळविण्यासाठीं फाळक्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचा एक इवलासा पट तयार केला व निवडक मंडळींना दाखविला. त्यांत कथा नव्हती, गाणें नव्हतें. एक अंकुर वर येत होता, एवढेंच. पाहणाराला त्या भिंतीवर पुढचा सगळा धंदा दिसला व पैसे मिळाले. इतकी फलदायी चित्रपटाची खोली आजच्या कोणत्या बंगल्यांत आहे?

जातां जातां अलिबागच्या वेधशाळेची आठवण होते. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असें ठरलें, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय उपकरणें त्या विजेनें बिघडतील म्हणून ती नोंद १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आली. लोखंडाचा स्पर्श नाहीं अशा खास इमारती तिच्यासाठीं बांधल्या. म्हणजे अलिबाग ही मुंबईच्या विजेपासून पळून जाण्याची जागा होती! शंभर वर्षांनीं मुंबईकर तेथें येतात ते विजेचीं सर्वांत महाग खेळणीं बरोबर घेऊन.

असो. कार्बनच्या कांड्यांची जागा १९५० नंतर झेनॉन वायूच्या दिव्यानें हळूहळू घेतली. लेझरची कथा याहून रंजक आहे. मेमन यानें १६ मे १९६० रोजीं माणकाच्या कांडींतून लेझरचा पहिला किरण काढला. परंतु चित्रपटाला उपयोगी पडावयास निळ्या किरणाची गरज होती आणि तो देणारें अर्धवाहक साधन जपानच्या नाकामुरा यांनीं १९९६ मध्यें सिद्ध केलें. निळ्या प्रकाशदीपाबद्दल त्यांना इतर दोघांसह २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या स्नेह्यांपुढचीं तिन्ही यंत्रें या निळ्या लेझरचींच वंशज आहेत. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. या यंत्रांत पडद्यावर पडणारा सगळा प्रकाश लेझरचा नसतो. निळा किरण फॉस्फर नांवाच्या द्रव्यावर पडतो, तें द्रव्य पिवळें उजळतें, त्या पिवळ्यांतून तांबडा व हिरवा वेगळे काढतात आणि उरलेला निळा त्यांत मिळवितात. तांबडा, हिरवा व निळा अशा तीन निरनिराळ्या लेझरांचीं यंत्रेंहि आहेत. त्यांचे रंग अधिक गडद, पण पडद्यावर कधीं कधीं वाळू सांडल्यासारखी चमचम दिसते, आणि मोठ्या चित्रगृहांसाठीं बनविलेल्या त्या जातीच्या यंत्रांची किंमत ऐकून माणूस खुर्चीवर बसतो.

तेव्हां तिन्ही यंत्रांचा दिवा एका जातीचा. भेद आहे तो त्या दिव्याला अडविणाऱ्या चकत्यांत. जे. व्ही. सी. चें डी. एल. ए.-एन. झेड. ९ हें २०२१ चें यंत्र ३००० लुमेन प्रकाश देतें. त्याच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर ४०९६ गुणिले २१६० बिंदु आहेत. सोनीचें एक्स. डब्ल्यू. ७००० हें २०२२ चें; ३२०० लुमेन, बिंदु ३८४० गुणिले २१६०. एप्सनचें एल. एस. १२००० त्याच वर्षींचें. २७०० लुमेन, आणि त्याच्या चकत्यांवर बिंदु मुळांत १९२० गुणिले १०८० असून ते विलक्षण वेगानें चार जागीं सरकवून चित्र चौपट बारीक केलें जातें. पहिल्या दोहोंच्या मानानें याची किंमत फारच थोडी. आमच्या मतें चेहऱ्यांची स्पष्टता व हलत्या चित्राची सफाई यांत सोनी पुढें, काळ्या रंगांत जे. व्ही. सी. ला तोड नाहीं, आणि पैशाचा मोबदला पाहावा तर एप्सन. तिघांचाहि प्रकाश निम्म्यावर यावयास सुमारें २०,००० तास लागतात असें धरतात. रोज दोन तास पाहिलें तर सत्तावीस वर्षें. कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत पितळ काळवंडतें आणि भिंगावर बुरशी चढते हें ज्याला माहीत आहे, तो या सत्तावीस वर्षांवर फारशी भिस्त ठेवणार नाहीं.

माहितीपत्रकांत सर्वांत ठळक आंकडा असतो तो लुमेनचा. त्याचा हिशेब करूं. चित्रगृहांत पडद्याच्या दर चौरस फुटाला सुमारें १४ लुमेन प्रकाश पुरे, असें धंद्याचें जुनें प्रमाण आहे. दहा फूट रुंदीच्या घरगुती पडद्याचें क्षेत्रफळ सुमारें ५६ चौरस फूट. म्हणजे ८०० लुमेनहि भरून उरले! मग ३००० कशाला? व्यापारी ज्याला एच. डी. आर. म्हणतात त्या नव्या पटांत सूर्याची तिरीप किंवा तलवारीचें पातें झळाळून उठावें लागतें, त्यासाठीं हा साठा. त्यांतहि रंग बिनचूक जुळवितांना कांहीं प्रकाश खर्ची पडतोच. एवढें मान्य करूनहि आम्ही म्हणतों कीं प्रकाशाची लढाई केव्हांच जिंकली गेली आहे. ड्रमंडच्या काळचें दुःख संपलें. आतांचें दुःख काळोखाचें आहे.

यंत्राला काळा रंग फेंकतां येत नाहीं. तें फक्त प्रकाश अडवूं शकतें. जे. व्ही. सी. आपल्या यंत्रासाठीं काळ्यापांढऱ्यांतलें अंतर एकास एक लक्ष सांगतें. सोनीच्या पत्रकांत तर अनंताचें चिन्हच आहे. त्याचा अर्थ इतकाच कीं पडदा पूर्ण काळा असतां लेझर मालवतां येतो. बंद दिव्याशीं तुलना केल्यास आमच्या घरचा कंदीलहि अनंत गुणांचा ठरेल. परंतु खरी मेख पुढेंच आहे. पडद्यावरून उसळलेला प्रकाश भिंतींवर व छतावर जातो आणि तेथून परत पडद्यावर येतो. खोलीच्या पांढऱ्या रंगामुळें शेंकडा एक भाग जरी परतला, तरी उजळ दृश्यांत काळ्यापांढऱ्यांतलें अंतर एकास शंभराच्या वर जाऊं शकत नाहीं. मग यंत्र लाखाचें असो कीं वीस लाखांचें. रात्रीचीं अंधारीं दृश्यें तेवढीं महाग यंत्राची बाजू घेतात. लक्ष रुपयांचा काळोख आणि चार डबे पांढरा रंग यांच्या झुंजींत रंगाचाच जय होतो.

जत्रेंतल्या तंबूला ही अडचण नव्हती. बाहेर अमावास्येची रात्र, आंत शेंकडों माणसांचे काळे केस, कांबळीं व पागोटीं. परतणारा प्रकाश तींच गिळून टाकीत. प्रेक्षक हाच काळोखाचा अर्धा भाग होता. तें सगळें फुकट होतें, म्हणून त्याची किंमत कोणी मांडली नाहीं. आज चौघांच्या खोलींत तोच काळोख काळ्या मखमलीच्या रूपानें वारावर विकत घ्यावा लागतो.

आमच्या स्नेह्यांची खोली आम्हीं पाहिली. तीन भिंती चुनेगच्ची पांढऱ्या, आणि चौथींत पश्चिमेकडे उघडणारी छातीएवढी रुंद खिडकी. तिच्यांतून खांदेरी दिसतें. आम्हीं त्यांना सांगितलें, ‘यंत्र एप्सनचें घ्या, उरलेल्या पैशांतून सुतार बोलवा; भिंती व छत काळें करा, आणि ही खिडकी बुजवा.’ भिंतींपर्यंतचें त्यांना पटलें. खिडकीचें नांव काढतांच त्यांच्या मातुःश्री, ज्या तोंवर कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘समुद्र दिसावा म्हणून घर बांधलंत ना रे? मग त्याच्याकडे पाठ करून काय बघणार आहांत?’

त्यांच्या बोलण्याला एक आधार होता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ अलिबागेजवळ किनाऱ्यावर आलें, तेव्हां अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें उघडीं पडलीं, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक ठिकाणीं आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या रात्री मातुःश्रींनीं या किनाऱ्यावरच काढल्या. लहानपणीं जत्रेंत पाहिलेल्या पटांच्या गोष्टी त्या नातवंडांना त्या काळोखांत सांगत, आणि नातवंडें त्या पुन्हा पुन्हा मागत. पडद्याचा काळोख विकत घ्यावा लागतो, हें त्यांना अजून खरें वाटत नाहीं.

यंत्र आलें आहे. भिंतींना काळा रंग लागला, छतालाहि लागला. खिडकीवर सुताराला तूर्त जाड काळा पडदा बसवावयास सांगितला आहे. तो पुरतो कीं नाहीं, याविषयीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.