स्मृतिभ्रंश : शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ‘आयसपोर्ट’
स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरातील व्यक्तीच करते. मात्र तिला त्याचे प्रशिक्षण क्वचितच मिळते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला. त्याच्या ५ विभागांत २३ पाठ आहेत. आजाराची ओळख, दैनंदिन शुश्रूषा, शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःची घ्यावयाची काळजी, तसेच रुग्णाने तोच प्रश्न वारंवार विचारल्यास वा वाट चुकल्यास काय करावे, हे त्यांत शिकविले जाते. सवडीनुसार हवा तो पाठ घेता येतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनी भारतात घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारला. परंतु अनेकांनी अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला. शिकण्यासाठी लागणारी सवड संगणक देऊ शकत नाही. ती घरातील इतरांनीच द्यावी लागते.