कापलेली नळी, राखलेला नंबर

वॉरन आयोगाचा १९६४चा अहवाल मी वाचायला घेतला तो केनेडींच्या हत्येचे गूढ उकलण्यासाठी नव्हे. जुन्या हत्यारांवरचे ठसे आणि आकडे वाचण्याचा मला नाद आहे. त्या अहवालातील एका रिव्हॉल्व्हरचा नंबर मला हवा होता: व्ही ५१०२१०.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सुमारे पाऊण तासाने त्याच शहरात जे. डी. टिपिट हा पोलीस मारला गेला. थोड्याच वेळात एका चित्रपटगृहात ली हार्वे ऑस्वाल्ड पकडला गेला, तेव्हा त्याच्याकडे स्मिथ अँड वेसनचे 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हर सापडले. नंबराआधीचा 'व्ही' ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील उत्पादनाची खूण. हे हत्यार तेव्हा ब्रिटिशांसाठी बनले होते. युद्धानंतर असा जुना माल स्वस्तात अमेरिकेत परतला आणि लॉस एंजेलिसच्या व्यापाऱ्यांनी तो गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बदलून घेतला. पाच इंची नळी कापून सव्वादोन इंचांची केली. काडतुसाची घरे कोरून लांबवली, म्हणजे अमेरिकेत सर्रास मिळणारे '.३८ स्पेशल' काडतूस त्यांत बसावे.

या कारागिरीचा परिणाम पुढे प्रयोगशाळेत दिसला. नळी मूळच्या किंचित जाड गोळीसाठी होती. नवी गोळी तिच्यातून सैल जाई, म्हणून तिच्यावर दर वेळी सारखे ओरखडे उमटत नसत. टिपिटच्या देहातील गोळ्या याच हत्याराच्या आहेत, असे एफबीआयच्या तज्ज्ञांना ठामपणे सांगता आले नाही. घटनास्थळी मिळालेल्या चार रिकाम्या पुंगळ्या मात्र याच रिव्हॉल्व्हरच्या ठरल्या.

हत्याराचे रूप पालटले, पण नंबर तसाच राहिला. त्याच्या आधारे शोध विक्रेत्याच्या कागदांपर्यंत पोहोचला. २० मार्च १९६३ रोजी ते ए. जे. हिडेल या नावाने डॅलसच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर रवाना झाले होते, किंमत २९.९५ डॉलर. हिडेल हे ऑस्वाल्डचेच टोपणनाव. मागणीच्या कूपनावरचे अक्षरही त्याचेच निघाले. कारागिराने मूठ घासताना तो आकडा पुसला असता, तर ही साखळी तिथेच तुटली असती.

अमेरिकेच्या १९३८च्या कायद्याने नंबर खोडलेले हत्यार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यास बंदी घातली होती. तरीही काही स्वस्त रायफली आणि शॉटगन नंबराविनाच विकल्या जात. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टने प्रत्येक नव्या बंदुकीवर नंबर सक्तीचा केला आणि दुसऱ्या राज्यातून टपालाने परस्पर हत्यार मागवण्याची सोयही बंद केली. तिथे आज नळी, मूठ, स्लाइड बदलता येते. ज्या सांगाड्यावर नंबर असतो तो सांगाडाच कायद्याच्या दृष्टीने बंदूक. म्हणून जाणता कारागीर पॉलिश करतानाही त्या जागेला हात लावत नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९चा. त्याचे सहावे कलम परवान्याशिवाय नळी आखूड करू देत नाही, आणि आठवे कलम नंबर खोडण्यास वा बदलण्यास मनाई करते. खोडलेला नंबर ज्याच्या हत्यारावर सापडेल, त्यानेच तो खोडला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे.

तरीही एकटा नंबर पुरेसा नसतो. गांधीजींच्या हत्येतील बेरेटा पिस्तुलावरही नंबर स्पष्ट होता: ६०६८२४. लाल किल्ल्यातील खटल्यात तो नोंदला गेला. पण ते पिस्तूल ग्वाल्हेरहून आले, हे पुढे आले माणसांच्या जबान्यांतून. जबान्या उलटतात, वरच्या न्यायालयात टिकत नाहीत; पिस्तूल पुरवल्याचा आरोप असलेले डॉ. परचुरे अपिलात सुटले.

हे दोन आकडे मी वहीच्या एकाच पानावर लिहून ठेवले आहेत. दोन्ही धातूवर नीट उमटलेले, दोन्ही वाचता येण्याजोगे. एकामागे दुकानदाराची नोंद होती, म्हणून तो बोलला. दुसऱ्याच्या मागे आपण अजून माणसांचीच तोंडे पाहतो.