दहिवर आणि वखार

तंबाखूचा इतिहास आपण व्यापाराचा, कराचा किंवा व्यसनाचा इतिहास म्हणून वाचतो. तो हवेतील ओलाव्याचाही इतिहास आहे, हे आमच्या ध्यानात आले ते एका क्षुल्लक निमित्ताने. पेठ वडगावातील आमच्या एका स्नेह्यांनी चिरूट ठेवण्यासाठी घरीच लाकडी कपाट केले आणि पुढे त्याला तापमान-नियंत्रकही जोडला. अशा कपाटात सुमारे ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखतात. पान कोरडे पडले तर चुरते, ओल वाढली तर बुरसते आणि उष्मा वाढला तर त्यातील किडीची अंडी उबतात. शिवाय हवा थंडावली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. म्हणजे तापमान आवरल्याखेरीज ओलावा आवरत नाही.

हे शास्त्र आमच्या परिसराला यंत्राविना ठाऊक होते. पोर्तुगीजांमार्फत आलेली तंबाखू १६०४-०५च्या सुमारास असद बेगने विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. म्हणजे दख्खनेत ती त्याआधीच रुळली होती. पुढे निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध झाला. शिवारात उन्हाने वाळलेले पान गोळा करायचे ते पहाटे. दहिवराने ते मऊ झालेले असते, हाताळताना मोडत नाही. इथे नियंत्रक होता तो निसर्ग, आणि त्याची वेळ ओळखणारा हात.

परंतु पान टिकवता येणे ही सत्ताही असते. ज्याच्यापाशी वखार, तो भावाची वाट पाहू शकतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ती मुभा नसते. रास्त भावासाठी १९८१च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला गेला. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ आंदोलक मृत्युमुखी पडले.

आणि वखारीच्या आत तंबाखूची धूळ श्वासात घेत राबणाऱ्या स्त्रिया होत्या. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांनी (निधन २०२४) हे कष्टकरी जग मराठी कथेत आणले. मराठीच्या वर्गात आपण त्याला ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला ठेवतो, ही आमचीही चूक.

स्नेह्यांच्या कपाटावरचा काटा पानाला काय सोसते ते अचूक सांगतो. ते पान हाताळणाऱ्यांना काय सोसावे लागले, हे सांगणे मात्र साहित्याकडे आणि इतिहासाकडेच उरते.